सातारा ते स्पिती, आत्यांना घेऊन: कागद, घाट, थांबे आणि कुंझुमची वाट

सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, दोन पोरं, नवरा आणि मी, आणि गाडी म्हणजे साधी सात सीटर पेट्रोल, फोर बाय फोर वगैरे काही नाही. असं घेऊन साताऱ्याहून हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलो. निघायच्या आधी मला जे विचारायचं होतं ते सांगणारं कोणी भेटत नव्हतं, जे भेटले ते सगळे बुलेटवाले तरुण, त्यांना म्हाताऱ्या माणसाचा बीपी आणि बाथरूम हे प्रश्नच नसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी का गेलो ते सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, फौजेत होते. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यात नवीन काही नाही. पण आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) मामांची जी पत्रं यायची त्यावर पत्ता असायचा फक्त "५६ एपीओ", म्हणजे फौजेचं पोस्ट. गाव नाही, जिल्हा नाही. माणूस कुठल्या डोंगरात बसून लिहितोय ते पत्रावरून कळायचंच नाही. मामा रिटायर होऊन घरी आल्यावर कधीतरी बोलताना पूह म्हणून एका गावाचं नाव निघालं, किन्नौरमधलं, आणि तेवढं एक नाव आत्यांनी धरून ठेवलेलं. मामा गेले डिसेंबरमध्ये. वर्षश्राद्धाच्या आत ते गाव बघायचं एवढंच त्या म्हणाल्या. विमानानं चंदीगडपर्यंत जाऊन पुढं टॅक्सी करू म्हणलं तर नको म्हणाल्या, "त्येंचीच गाडी हाय की, त्यातनंच जाऊ."

आता गाडी मामांच्या नावावर. इथं पहिला अभ्यास सुरू झाला. मालक वारला तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करायला अर्ज करायचा, त्याला फॉर्म ३१ म्हणतात. परिवहनच्या साइटवर अर्ज भरायचा, फी ऑनलाइन, मग कागद घेऊन आरटीओत. आम्ही दिलेले कागद: मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, आत्यांचं आधार आणि पॅन, बाकी वारसांची ना-हरकत स्टँपपेपरवर (माझ्या नणंदेला त्यासाठी कराडवरून यावं लागलं), चालू इन्शुरन्स, पीयूसी आणि चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट. जानेवारीत दिलं आणि नवीन कार्ड पोस्टानं फेब्रुवारीच्या शेवटी आलं. आरसी झाली की इन्शुरन्स पण नव्या नावावर करून घ्या. वाटेत काही झालं आणि पॉलिसी गेलेल्या माणसाच्या नावावर असली तर क्लेमला फार त्रास होतो, हे एजंटनं स्पष्ट सांगितलं. फास्टॅगचं पण तेच, तो मामांच्या मोबाइल नंबरला जोडलेला, तो बंद करून आत्यांच्या नावानं नवीन काढला. टॅग चालला नाही की टोल जास्त पडतो आणि एवढ्या लांबच्या रस्त्यात ते परवडत नाही.

दुसरा अभ्यास तब्येतीचा. आत्यांना बीपीची गोळी चालू, गुडघे दुखरे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्त तपासून घेतलं आणि एकच अट घातली, की उंची हळूहळू चढायची आणि मध्ये डोकं दुखलं, उलट्या झाल्या तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. विरळ हवेसाठी अॅसिटाझोलामाइडची गोळी असते ती पण लिहून दिली, पण आधी सल्फाची अॅलर्जी आहे का ते नीट विचारून घेतलं. ही गोळी मेडिकलमधून आपली आपण घेऊ नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं.

या अटीमुळंच रस्ता ठरला. स्पितीत दोन बाजूंनी जाता येतं, एक मनालीकडून, दुसरा शिमला आणि किन्नौरवरून. मनालीकडून अंतर कमी, पण एका दिवसात दोन हजार मीटरवरून कुंझुम खिंडीच्या साडेचार हजारांवर न्यायचं म्हणजे म्हातारं माणूस आणि पोरं हमखास आजारी पडणार. किन्नौरकडून लांब पडतं, दिवस जास्त लागतात, पण उंची टप्प्याटप्प्यानं मिळते. माझं स्पष्ट मत, घरचं मोठं माणूस बरोबर असेल तर किन्नौरकडूनच वर जा आणि मनालीकडून खाली उतरा. भारतीय माणसाला या रस्त्याला इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायची परवानगी) लागत नाही, फक्त चेकपोस्टवर नोंद होते. हे मी तीन ठिकाणी विचारून खात्री केली कारण लोक लडाखचे नियम याला लावून घाबरवतात. प्रीपेड सिमचं पण तसंच, बाहेरचं प्रीपेड जम्मू काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, हिमाचलात चालतं.

२३ मेला पहाटे साडेतीनला निघालो. पहिले चार दिवस नुसती पळापळ, भरूच, उदयपूर, जयपूर असे मुक्काम करत चंदीगड. मेअखेरचा राजस्थान म्हणजे दुपारी बारा ते चार गाडी बाहेर काढूच नये असं ऊन, म्हणून रोज पहाटे निघायचं आणि दुपारपर्यंत मुक्काम गाठायचा असं ठेवलं. दिल्लीत शिरायचं नव्हतं, त्यासाठी कोटपुतलीच्या पुढं नारनौलवरून १५२-डी नावाचा नवा हायवे पकडला, तो २२७ किलोमीटरचा सरळ कुरुक्षेत्राकडं काढतो, रस्ता छान पण मध्ये खायला फारसं नाही, डबा बरोबर ठेवा. आमच्याकडं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा आणि मेतकूट होतं, ते उदयपूरपर्यंतच संपायच्या बेतात आलं कारण पोरांना ढाब्यावरचं तिखट तेलकट नकोच होतं.

२७ मेला परवाणूच्या नाक्यावर हिमाचलचा एन्ट्री टॅक्स भरला आणि घाट सुरू झाला. शिमल्यात थांबलो नाही, बायपासनं ढल्लीवरून थेट नारकंडा, साधारण २७०० मीटर. आदल्या दिवशी भाजून निघालेलो आम्ही रात्री दोन दोन रजया घेऊन झोपलो. नारकंड्याहून रस्ता एकदम खाली सतलजच्या काठाला रामपूरला उतरतो आणि मग नदी धरून वर जातो.

किन्नौर सुरू होतं तिथं तरंडा देवीचं देऊळ आहे रस्त्यालाच. कडा पोखरून केलेला रस्ता, डोक्यावर खडकाचं छत आणि खाली सतलज, आणि प्रत्येक ट्रकवाला, बसवाला तिथं थांबून पाया पडूनच पुढं जातो. आम्ही पण थांबलो, साताऱ्याचे कंदी पेढे ठेवले. याच पट्ट्यात निगुलसरीला ११ ऑगस्ट २०२१ ला दरड पडून एसटीसारखी सरकारी बस आणि गाड्या सापडल्या होत्या, २८ माणसं गेली. त्यामुळं "शूटिंग स्टोन" (वरून दगड पडतात) अशी पाटी दिसली की तिथं फोटोला थांबायचं नाही, काचा वर, गाणी बंद, वर नजर ठेवून सरळ निघायचं. आम्हाला भावानगरच्या अलीकडं एका जागी दीड तास थांबावं लागलं, पुढं जेसीबी दगड काढत होता. सगळ्या गाड्यांतली माणसं खाली उतरून एकमेकांना बिस्किटं वाटत होती, एका शिमल्याच्या कुटुंबानं पोरांना जर्दाळू दिले, आत्यांनी त्यांना चटणी दिली आणि ती कशाबरोबर खायची हे हातवारे करून सांगितलं.

कल्पाला (२९६० मीटर) दोन रात्री राहिलो. समोर किन्नौर कैलास. पोरं आणि नवरा गावातून फिरून आले, मी आणि आत्या गच्चीत उन्हाला बसून. हा मोकळा दिवस वाया जातोय असं वाटतं पण तोच शरीराला सवय लावतो, तो कापू नका. निघताना खाली पोवारीच्या पंपावर टाकी फुल केली कारण पुढचा पंप आम्हाला थेट स्पितीतल्या काझ्यात, साधारण दोनशे किलोमीटरवर.

३० मेचा दिवस सगळ्यात मोठा होता. पहाटे पाचला निघालो, आणि स्पिलोच्या पुढं झाडं कमी कमी होत गेली, मग नुसता खडक. पूह आलं सकाळी नऊच्या सुमारास. हायवेवरून थोडं वर गाव आहे, हिरवी शेतं, जर्दाळूची झाडं आणि बाजूला सगळा उघडा डोंगर. फौजेचा भाग आहे त्यामुळं कॅमेरे आत ठेवले, पोरांना आधीच ताकीद दिलेली. काय बघायचं असं काही ठरलेलं नव्हतं, मामा नेमके कुठं राहिले ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्या बाईंना मी हिंदीत सांगितलं की यांचे मालक इथं फौजेत होते, पंचेचाळीस एक वर्षांपूर्वी. त्या आत्यांच्या शेजारी येऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि चहाचे पैसे घ्यायला काही केल्या तयार होईनात. आत्या म्हणाल्या, "एवढ्या थंडीत ऱ्हायलं हे, आन् पत्रात लिवायचं की बरं हाय." बराच वेळ बसल्या. नवरा गाडीच्या मागं जाऊन टायर बघत होता, खरं तर टायरला काहीच झालेलं नव्हतं.

पुढं खाबला स्पिती नदी येऊन सतलजला मिळते, पूल ओलांडला की 'का' गावाजवळच्या वळणांनी गाडी नाकोकडं चढायला लागते. नाको साडेतीन हजारांच्या वर आहे. बरेच जण तिथं मुक्काम करतात, आम्ही मुद्दाम फक्त जेवायला थांबलो, राजमा-चावल आणि गरम पाणी, आणि झोपायला ताबोला उतरलो जे ३२८० मीटरवर आहे. दिवसा उंच जा पण झोपा खाली, हे डॉक्टरांचं वाक्य तंतोतंत उपयोगी पडलं. धाकट्याचं डोकं नाकोत दुखायला लागलं होतं, ताबोला उतरल्यावर तासाभरात थांबलं. मधला मलिंग नाला म्हणजे सतत दगडगोटे घसरणारा पट्टा, तो दुपारी वारा सुटायच्या आत पार करा.

सुमदोच्या चेकपोस्टवर गाडी नंबर आणि माणसं किती ते लिहून घेतलं. साताऱ्याचा एमएच ११ नंबर बघून पलीकडं उभा असलेला एक जवान चालत आला, "ताई, गाव कुठलं?" पोरगा आपल्या खटाव तालुक्यातला निघाला. फार बोलायला वेळ नव्हता त्याला. आत्यांनी उरलेल्या पेढ्यांचा अख्खा बॉक्स त्याच्या हातात ठेवला आणि "आईला फोन करतोस न्हवं?" एवढंच विचारलं.

आता बायकांसाठी एक महत्त्वाचं, जे कोणी लिहीत नाही. पोवारीनंतर रस्त्यावर स्वच्छतागृह जवळपास नाहीच, आणि स्पितीत आडोशाला झाड पण नाही. मी एक जुनं लुगडं, दोन काठ्या आणि छत्री गाडीत ठेवलेली, गाडीचा दरवाजा उघडून त्याला लुगडं बांधलं की आडोसा होतो. पॅड, कागद सगळं पिशवीत घालून गाडीतच ठेवायचं आणि मोठ्या गावात टाकायचं, त्या थंडीत तिथं काही कुजत नाही. आणि बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, आत्या पहिल्या दिवशी हेच करत होत्या, डोकं त्यानंच धरतं. होमस्टेमध्ये बऱ्याच ठिकाणी कोरडा संडास असतो, वर माती टाकायची, वास येत नाही, पण गुडघेदुखीवाल्यांसाठी कमोड आहे का ते फोनवरच विचारा.

३१ मेला ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघितला. सन ९९६ मधला. बाहेरून साधा मातीचा, आत भिंतभर चित्रं, हजार वर्षं लोक तिथं सलग पूजा करतायत. मग धनकर करून संध्याकाळी काझा. आणि काझ्यात कळलं की कुंझुमचा रस्ता उघडलाय पण फक्त फोर बाय फोरला सोडतायत.

मग वाट बघत बसलो. रोज सकाळी पोलीस चौकीत जाऊन विचारायचं आणि स्टँडवर मनालीकडून गाड्या आल्या का बघायच्या, टॅक्सीवाल्यांची बातमी सगळ्यात पक्की असते. या दिवसांत 'की' गावचा गोम्पा झाला, किब्बरजवळचा चिचमचा पूल झाला (पूर्वी तिथली माणसं त्या दरीवरून दोरीच्या पाळण्यातून जायची), लांग्झाला पोरांनी मोठ्या बुद्धमूर्तीसमोर क्रिकेट खेळायचा प्रयत्न केला आणि चार रन पळून धापा टाकत बसली. हिक्किमच्या पोस्टातून, पिन १७२११४, सगळ्यांना कार्डं टाकली. आत्यांनी नणंदेला लिहिलं, पूर्ण पत्ता घालून. काझ्याच्या उंचीवर पाणी नव्वदच्या खालीच उकळतं, भात कुकरशिवाय शिजत नाही, आपले पोहे नेले असतील तर पोरांची सोय होते. एटीएम आहे पण पैसे असतीलच असं नाही, रोख चंदीगडलाच काढा.

४ जूनला संध्याकाळी कळलं, उद्यापासून लहान गाड्या सोडणार. ५ जूनला पहाटे चारला निघालो. लवकर निघायचं कारण म्हणजे नाले. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला येतं. लोसरला नोंद केली. आठच्या आत कुंझुमवर, ४५५१ मीटर, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, देवीच्या देवळाला गाडीनं फेरा घालून पुढं जायची पद्धत आहे तसं केलं, पाच मिनिटांच्या वर थांबलो नाही. उतरून बातलला चंद्रा नदीच्या काठी ढाबा, तिथं आलू पराठा आणि चहा. तिथंच एक गद्दी जमातीचा मेंढपाळ मेंढरं घेऊन चाललेला, उन्हाळ्यात ही माणसं मेंढरं घेऊन इकडं वर येतात. आपले माण-खटावचे धनगर कोकणात उतरतात तसंच. आत्या त्याच्याशी मराठीत आणि तो त्याच्या भाषेत, किती मेंढरं, किती दिवसाची वाट, सगळं बोलणं झालं.

बातल ते ग्रंफू हे जेमतेम पन्नास किलोमीटर, आम्हाला पाच तास लागले. रस्ता म्हणजे नदीतले गोटे. नाल्यांपाशी मी गाडी चालवत होते. आधी थांबायचं, एखादी तिथली गाडी पलीकडं जाऊ द्यायची, तिची चाकं कुठून गेली ते लक्षात ठेवायचं, मग पहिला गिअर, एकाच वेगानं, मध्ये क्लच दाबायचा नाही आणि थांबायचं तर अजिबात नाही. छोटा दर्राच्या अलीकडच्या नाल्याला माझे हात कापत होते. आत्या आणि पोरं चालत, दगडांवरून, एका टेंपोवाल्याचा हात धरून पलीकडं गेली होती, आणि मी काचेतून त्यांच्याकडंच बघत गाडी काढली. तळाला दोनदा दगड लागला. ऑइल गळत नाही ना ते पलीकडं लगेच वाकून बघितलं, नव्हतं गळत.

ग्रंफूहून रोहतांगला न जाता कोकसर, सिस्सूकडं उतरलो. रोहतांगला ऑनलाइन परमिट लागतं, अटल बोगद्याला लागत नाही. सिस्सूला मुक्काम केला कारण आत्यांना तांदीला जायचं होतं. बातलपासून आम्ही ज्या चंद्रेच्या काठानं आलो ती तांदीला भागा नदीला मिळते आणि पुढं चंद्रभागा होते. हे नवऱ्यानं नकाशात दाखवल्यापासून त्यांचं एकच चाललेलं. लोणंद-फलटणला दरवर्षी माउलींच्या पालखीला जाणारं माणूस ते, पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, भीमा आहे, हे त्यांना चांगलं माहीत आहे, तरी म्हणाल्या नाव तर तेच हाय. ६ जूनला सकाळी संगमावर गेलो. पाणी बर्फाचं, ओढ जबरदस्त, पायरीच्या पुढं जाऊ नका. त्यांनी तोंडावर पाणी घेतलं, मामांच्या नावानं ओंजळ सोडली आणि एक बाटली भरून घेतली.

तिथून अटल बोगद्यातून, ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं मनालीची हिरवी झाडं. मनालीत गर्दी एवढी की आम्ही जेवून निघालो. पुढचा परतीचा रस्ता आला तसाच, ११ जूनला रात्री घरी.

खर्च: पेट्रोल साधारण चौतीस हजार, टोल आठच्या आसपास, राहणं एकतीस, खाणं वीस, आणि निघायच्या आधी गाडीचं काम (दोन टायर, ब्रेक पॅड, कूलंट, सर्व्हिसिंग) चौदा हजार. स्पितीतले होमस्टे मैदानापेक्षा स्वस्त पडले, पंधराशे ते दोन हजारात खोली, जेवण वेगळं. आल्यावर गॅरेजमध्ये खालचा पत्रा सरळ करून घ्यावा लागला, बाकी काही निघालं नाही. आत्यांचं बीपी पुढच्या आठवड्यात तपासलं, ठीक होतं, गुडघ्यांना मात्र महिनाभर शेक चालू होता.

साध्या गाडीनं जमतं का, हे सगळे विचारतात. किन्नौरकडून काझापर्यंत आरामात जमतं. कुंझुम ते ग्रंफू जमतं, पण जमिनीपासून थोडी उंच असलेली गाडी हवी, पाणी कमी असायला हवं आणि पहाटे निघायला हवं. जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार असाल तर काझ्यात दोन-तीन दिवस जास्तीचे धरूनच सुट्टी काढा, आणि कुंझुम नाहीच उघडला तर आलो तसं किन्नौरवरून परत जायचं, हे घरच्यांना आणि पोरांना निघायच्या आधीच सांगून ठेवा.